हार्ड डिस्कची भूमिती : एका मानीव पत्त्याचा इतिहास

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे गाव १ जुलै १९९८ रोजी आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही. तथापि त्या दिवशी त्याचा पत्ता बदलला. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला आणि गावाच्या नावापुढील जिल्ह्याचे नाव नवे झाले. १९९८ पूर्वीच्या कागदपत्रांत कामरगाव शोधावयाचे असल्यास अभ्यासकाला अकोला जिल्ह्याच्या दप्तरात जावे लागते. हा बदल ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने जुनी नोंद असूनही नसल्यासारखीच. पत्ता आणि स्थान या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पत्ता वाचण्याची रीत हरवली तर स्थान शाबूत राहूनही उपयोगी पडत नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांना नवी नाही.

संगणकाच्या हार्ड डिस्कचा इतिहास हीच बाब वेगळ्या क्षेत्रात दाखवून देतो. डिस्कवरील माहिती कोठे आहे हे सांगण्यासाठी सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन संख्यांचा पत्ता दीर्घकाळ प्रचलित होता. या तीन संख्यांच्या कमाल मर्यादांना मिळून 'डिस्कची भूमिती' असे म्हटले जाते. आरंभी ही भूमिती प्रत्यक्ष यंत्राची होती. पुढे ती यंत्राची न राहता डिस्क, बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातील एक संकेत झाली. संकेत पाळणाऱ्यांत एकमत होते तोवर व्यवहार सुरळीत चालला. जेथे मतभेद झाला तेथे एकही अक्षर पुसले न जाता संपूर्ण डिस्क अवाचनीय ठरली.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) डिस्कच्या भूमितीची कल्पना कशी निर्माण झाली ते पाहणे, (२) ऑपरेटिंग सिस्टीम ही भूमिती कशी ओळखत व कशी सांगत गेल्या याचा कालक्रमाने आढावा घेणे, (३) वास्तव भूमिती व सांगितलेली भूमिती यांच्यात अंतर का पडले याची कारणे तपासणे, (४) १९९० च्या दशकातील मराठी अभिलेखांच्या जतनाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व विशद करणे.

सिलिंडर या कल्पनेचा उदय

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये '३०५ रॅमॅक' या संगणकासोबत '३५०' हे डिस्क साठवण यंत्र सादर केले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका आसावर फिरत. प्रत्येक पृष्ठभागावर १०० वर्तुळाकार मार्ग म्हणजे ट्रॅक होते आणि एकूण साठवण ५० लाख अक्षरांची होती. वाचन-लेखन करणारा यांत्रिक हात तबकड्यांच्या चळतीलगत वर-खाली सरके आणि हव्या त्या तबकडीजवळ थांबून आत शिरे. तबकडी कोणती, मार्ग कोणता आणि मार्गावरील भाग कोणता, हे सांगितले की माहितीचे ठिकाण निश्चित होत असे. येथे पत्ता आणि स्थान यांत भेद नव्हता.

१९६१ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम १३०१ या यंत्रात प्रत्येक पृष्ठभागासाठी स्वतंत्र हेड देण्यात आले आणि सर्व हेड एकत्र सरकू लागले. हेडचा ताफा एका ठिकाणी स्थिर असताना सर्व पृष्ठभागांवरील जेवढे मार्ग त्याच्या टप्प्यात येतात, ते एकाखाली एक ठेवले तर पोकळ नळकांडे तयार होते. त्यावरून सिलिंडर ही संज्ञा रूढ झाली. एकाच सिलिंडरमधील माहिती वाचताना हेडना हलावे लागत नाही. म्हणून एकत्र लागणारी माहिती एका सिलिंडरमध्ये ठेवणे हे वेळ वाचविण्याचे उत्तम साधन ठरले. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टीम/३६० मालिकेत प्रोग्रामरला आपल्या फाईलसाठी किती ट्रॅक अथवा किती सिलिंडर जागा हवी याची मागणी स्वतः करता येत असे. यंत्राची रचना अशा रीतीने प्रोग्रामच्या भाषेत उतरली.

युनिक्स परंपरेतही भूमितीचे ज्ञान उपयुक्त मानले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रात तयार झालेल्या आणि १९८४ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडल्या गेलेल्या 'फास्ट फाईल सिस्टीम'ने डिस्कची विभागणी सिलिंडर-गटांत केली. एका निर्देशिकेतील फाईली शक्यतो एकाच गटात ठेवाव्यात आणि तबकडीच्या फिरण्याचा वेग ध्यानात घेऊन पुढील भाग निवडावा, असे तिचे धोरण होते. यासाठी लागणारी माहिती डिस्ककडून मिळत नसे. ती व्यवस्थापकाने 'डिस्कटॅब' नावाच्या फाईलमध्ये प्रत्येक मॉडेलनिहाय लिहून ठेवावयाची असे. या पहिल्या टप्प्यात ऑपरेटिंग सिस्टीम भूमिती शोधत नव्हती. माणूस ती सांगत होता आणि ती खरी होती.

वैयक्तिक संगणक आणि प्रकार क्रमांक

१९८० मध्ये सीगेट कंपनीची एसटी-५०६ ही ५ मेगाबाइट क्षमतेची सव्वापाच इंची डिस्क आली. तिच्यामागून आलेल्या एसटी-४१२ मध्ये ३०६ सिलिंडर व ४ हेड होते. प्रत्येक मार्गावर १७ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट धरल्यास तिची क्षमता १ कोटी ६ लाख ५३ हजार ६९६ बाइट, म्हणजे सुमारे १० मेगाबाइट होते. मार्च १९८३ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी/एक्सटी या संगणकात याच क्षमतेची डिस्क होती. तिची भूमिती नियंत्रक कार्डावरील रॉममध्ये कोरलेली असे.

ऑगस्ट १९८४ मधील आयबीएम पीसी/एटी या संगणकाने दुसरी पद्धत आणली. त्याच्या बायोसमध्ये डिस्कच्या प्रकारांचा एक तक्ता होता. पहिल्या प्रकारात ३०६ सिलिंडर व ४ हेड, दुसऱ्या प्रकारात ६१५ सिलिंडर व ४ हेड, असे निरनिराळे प्रकार त्यात नोंदलेले होते. वापरणाऱ्याने आपल्या डिस्कचा प्रकार क्रमांक सेटअपमध्ये द्यावयाचा आणि तो बॅटरीवर चालणाऱ्या सीमोस स्मृतीत जपला जावयाचा. ही नोंद केवळ अर्ध्या बाइटची होती. तक्ता अपुरा पडू लागल्यावर अन्य बायोसनिर्मात्यांनी त्यात भर घातली. अनेक बायोसमध्ये ४७ वा प्रकार हा वापरणाऱ्याने स्वतः आकडे भरावेत यासाठी राखून ठेवलेला असे.

या पद्धतीतील दोष लवकरच अनुभवास आला. बॅटरी क्षीण झाली की प्रकार क्रमांक नाहीसा होई आणि संगणक सुरू करताना डिस्क सापडत नसे. माहिती जशीच्या तशी असे, पण तिच्यापर्यंत नेणाऱ्या तीन संख्या विसरल्या गेलेल्या असत. डिस्कवरील चिठ्ठी किंवा वहीत टिपून ठेवलेले आकडे हाच अशा वेळी एकमेव आधार असे. चुकीचा प्रकार भरून लेखन केल्यास मात्र माहितीची खरोखरच हानी होई.

चोवीस बिटांची चौकट

ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कशी बोलते ती बायोसच्या 'इंटरप्ट १३' या सेवेमार्फत, असा संकेत एमएस-डॉसच्या काळात दृढ झाला. या सेवेत सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ असे एकूण २४ बिट राखलेले होते. त्यामुळे १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर ही कमाल मर्यादा ठरली. सेक्टरची गणना शून्यापासून न होता एकपासून होत असल्याने ६४ ऐवजी ६३. डिस्कची भूमिती विचारण्यासाठी याच सेवेत आठव्या क्रमांकाचे कार्य होते. डॉस ते कार्य वापरून भूमिती जाणून घेई आणि तीवर विश्वास ठेवी.

भूमितीचा उल्लेख आणखी दोन ठिकाणी होत असे. १९८३ मधील पीसी-डॉस २.० पासून डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये विभागांचा तक्ता लिहिला जाऊ लागला. त्यात चार नोंदी आणि प्रत्येक नोंद १६ बाइटची होती. विभागाचा आरंभ व शेवट सिलिंडर-हेड-सेक्टरच्या रूपात, आणि त्याबरोबरच आरंभीच्या सेक्टरचा अनुक्रमांक व विभागातील सेक्टरांची संख्या, असे दोन्ही प्रकारचे पत्ते या नोंदीत शेजारी शेजारी होते. याशिवाय प्रत्येक विभागाच्या आरंभीच्या बूट सेक्टरमध्ये मार्गावरील सेक्टर व हेड यांची संख्या पुन्हा लिहिलेली असे. अशा प्रकारे बायोस, विभागांचा तक्ता आणि बूट सेक्टर या तीन ठिकाणी एकच विधान तीनदा केलेले होते. तिन्ही विधाने जुळतील असे गृहीत धरले होते. ती न जुळल्यास काय करावे याचा निर्णय कोठेही नव्हता.

डिस्क स्वतः सांगू लागली, पण खरे सांगेनाशी झाली

१९८६ च्या सुमारास नियंत्रक कार्डाचे काम डिस्कच्याच मंडलात सामावून घेणारी आयडीई पद्धत आली. तिला १९९४ मध्ये एटीए-१ या नावाने मानकाचे रूप मिळाले. या मानकातील 'आयडेंटिफाय' आज्ञेला उत्तर म्हणून डिस्क ५१२ बाइटचा स्वपरिचय देते. त्यातील पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या शब्दांत (शब्द म्हणजे १६ बिट, गणना शून्यापासून) अनुक्रमे सिलिंडर, हेड व सेक्टरांची संख्या असते. ६० व ६१ या शब्दांत एकूण सेक्टरांची संख्या असते. प्रकार क्रमांक लक्षात ठेवण्याचा त्रास संपला. बायोस आपोआप डिस्कला विचारू लागले.

याच काळात एक विरोधाभास निर्माण झाला. तबकडीच्या बाहेरील कडेचे मार्ग आतील मार्गांपेक्षा लांब असतात. सर्व मार्गांवर सारखेच सेक्टर ठेवले तर बाहेरील जागा वाया जाते. म्हणून उत्पादकांनी तबकडीचे पट्टे पाडून बाहेरील पट्ट्यांत अधिक सेक्टर ठेवण्यास आरंभ केला. मार्गागणिक सेक्टरांची संख्या बदलू लागल्यावर 'प्रत्येक मार्गावर किती सेक्टर' या प्रश्नाला एकच खरे उत्तर उरले नाही. तथापि बायोस व डॉस यांना एकच उत्तर हवे होते. तेव्हा डिस्क एक सोयीची संख्या सांगू लागली आणि त्या पत्त्याचे प्रत्यक्ष स्थानात रूपांतर आपल्या आतल्या आत करू लागली. १६ हेड सांगणाऱ्या डिस्कमध्ये प्रत्यक्षात दोन किंवा तीनच हेड असणे ही नित्याची बाब झाली. ज्या क्षणी डिस्क स्वतःची भूमिती सांगू लागली, साधारण त्याच क्षणी ती भूमिती मानीव झाली.

भाषांतरे आणि त्यांतील मतभेद

एटीए पद्धतीत सिलिंडरसाठी १६, हेडसाठी ४ आणि सेक्टरसाठी ८ बिट होते. बायोसची चौकट व एटीएची चौकट एकमेकींवर ठेवली असता दोहोंतील लहान मर्यादाच शिल्लक राहते : १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. त्यांचा गुणाकार ५१२ बाइटच्या हिशेबाने ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट होतो. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक संगणकांना भेडसावणारी ५२८ मेगाबाइटची मर्यादा ती हीच. ती डिस्कच्या क्षमतेची मर्यादा नव्हती. दोन पत्त्यांच्या लेखनपद्धती जुळत नसल्यामुळे ती उद्भवली होती.

यावर बायोसनिर्मात्यांनी भाषांतराचा मार्ग काढला. सिलिंडरची संख्या निम्मी किंवा चतुर्थांश करावी आणि हेडची संख्या त्याच प्रमाणात वाढवावी, ही एक पद्धत. एकूण क्षमतेवरून ६३ सेक्टर कायम धरून हेडची संख्या १६, ३२, ६४, १२८ अथवा २५५ ठरवावी, ही दुसरी. सेटअपमध्ये या पर्यायांना 'नॉर्मल', 'लार्ज' आणि 'एलबीए' अशी नावे दिसत. २५६ ऐवजी २५५ हा आकडा निवडण्याचे कारण असे की, काही डॉस आवृत्त्यांत हेडची संख्या एका बाइटमध्ये ठेवली जात असल्याने २५६ चे शून्य होत असे.

या भाषांतरांतील फरकाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होतो. सिलिंडर १०, हेड ५, सेक्टर ७ हा पत्ता घेऊ. मार्गावर ६३ सेक्टर व एकूण १६ हेड मानले तर शून्यापासून मोजता हा १०,४०१ वा सेक्टर ठरतो. ६४ हेड मानल्यास तोच पत्ता ४०,६४१ व्या सेक्टरकडे नेतो आणि २५५ हेड मानल्यास १,६०,९७१ व्या. पत्ता एक, तो लिहिणाऱ्याची चूक नाही, वाचणाऱ्याचीही गणितात चूक नाही. पण दोघांनी मानलेली भूमिती निराळी असल्याने वाचणारा भलत्याच ठिकाणी पोहोचतो. एका संगणकात भरलेली डिस्क दुसऱ्या संगणकात लावल्यावर 'रिकामी' अथवा 'बिघडलेली' दिसण्याचे हे एक प्रमुख कारण होते. जुन्या बायोसला मोठी डिस्क समजावी यासाठी डिस्कच्या आरंभी बसविले जाणारे 'डिस्क मॅनेजर'सारखे प्रोग्राम या गुंतागुंतीत आणखी भर घालीत. कारण तो प्रोग्राम सुरू न होता डिस्क वाचली गेली तर विभागांचा पत्ताच लागत नसे.

लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमपुढे हा प्रश्न अधिक कठीण होता. ती संगणक सुरू झाल्यावर बायोसला बाजूला ठेवून डिस्कशी थेट बोलते आणि आपल्या कामासाठी तिला भूमितीची गरज नसते. तरीही त्याच डिस्कवर डॉस किंवा विंडोज नांदत असेल तर बायोसने कोणती भूमिती मानली आहे हे तिला जाणून घ्यावे लागे. त्यासाठी तीन मार्ग होते : बायोसने मांडून ठेवलेले तक्ते पाहणे, डिस्कला 'आयडेंटिफाय' आज्ञा देणे, आणि विभागांच्या तक्त्यावरून अनुमान करणे. विभाग सिलिंडरच्या सीमेवर संपतो असे धरले तर शेवटच्या पत्त्यातील हेडमध्ये एक मिळविला की हेडची संख्या मिळते, आणि शेवटचा सेक्टर हीच मार्गावरील सेक्टरांची संख्या ठरते. बखरीतील तपशिलावरून शक निश्चित करावा तसाच हा अनुमानाचा प्रकार होता.

२००४ मधील प्रसंग

या अनुमानाची गरज संपली असे गृहीत धरून डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६ या गाभ्यातून बायोसची भूमिती शोधण्याचा भाग वगळण्यात आला. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय सुसंगत होता. जी गोष्ट अस्तित्वातच नाही ती शोधण्यात अर्थ नव्हता. परंतु मे २००४ मध्ये फेडोरा कोअर २ ही त्या गाभ्यावर आधारित प्रणाली आली तेव्हा विंडोज एक्सपी असलेल्या कित्येक संगणकांवर ती बसविल्यानंतर विंडोज सुरू होईना. विभागांचा तक्ता नव्याने लिहिताना डिस्कने सांगितलेली १६ हेडची भूमिती वापरली गेली होती, तर बायोस व विंडोज २५५ हेड मानून चालले होते. तक्त्यातील अनुक्रमांक बरोबर होते, फाईलीही सुरक्षित होत्या. सेटअपमध्ये त्या डिस्कसाठी एलबीए हा पर्याय निश्चित केल्यावर, अथवा २५५ हेड धरून तक्ता पुन्हा लिहिल्यावर, पुष्कळ संगणक पूर्ववत झाले. मात्र ज्यांना हे कारण उमगले नाही त्यांनी डिस्क नव्याने फॉरमॅट करून टाकली असल्यास झालेली हानी भूमितीमुळे नव्हे, गैरसमजामुळे झाली असे म्हणावे लागते.

अनुक्रमांकाचा स्वीकार

तीन संख्यांऐवजी प्रत्येक सेक्टरला शून्यापासून एकच अनुक्रमांक द्यावा, ही कल्पना नवी नव्हती. १९८६ मध्ये मानक झालेल्या स्कझी पद्धतीत आरंभापासूनच तार्किक गटांचे अनुक्रमांक होते. वैयक्तिक संगणकांत ही पद्धत एलबीए या नावाने हळूहळू रुजली. इंटरप्ट १३ ला जोडलेल्या विस्तारित कार्यांमुळे ६४ बिटांचा अनुक्रमांक देता येऊ लागला आणि ८४५ कोटी ५७ लाख १६ हजार ८६४ बाइटची, म्हणजे ८.४ गिगाबाइटची मर्यादा ओलांडली गेली. एटीएमधील २८ बिटांच्या अनुक्रमांकाने १३७ गिगाबाइटची नवी मर्यादा घातली. २००२ च्या एटीए-६ मानकाने ४८ बिटांचा अनुक्रमांक आणला आणि सिलिंडर-हेड-सेक्टर ही पद्धत कालबाह्य ठरविली. विभागांच्या जुन्या तक्त्यातील ३२ बिटांमुळे पडणारी २.२ टेराबाइटची मर्यादा जीपीटी या नव्या तक्त्याने दूर केली. त्यात केवळ अनुक्रमांक असतात.

भूमितीचे अवशेष

कालबाह्य ठरलेली भूमिती नाहीशी मात्र झाली नाही. ८.४ गिगाबाइटहून मोठी कोणतीही एटीए डिस्क, मग ती ८० गिगाबाइटची असो वा ४ टेराबाइटची, स्वपरिचयात १६,३८३ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर असेच आकडे देते. हा आकार केवळ 'डिस्क मोठी आहे, अनुक्रमांक पाहा' एवढे सांगण्याची खूण आहे.

दुसरा अवशेष अधिक महाग पडला. पहिला विभाग एक संपूर्ण मार्ग सोडून, म्हणजे ६३ व्या सेक्टरपासून सुरू करण्याची प्रथा होती. मार्ग मानीव झाल्यावरही ती चालू राहिली. २०१० च्या सुमारास डिस्कमधील प्रत्यक्ष सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटचे होऊ लागले. ६३ ला ८ ने भाग जात नाही. त्यामुळे जुन्या रीतीने आखलेल्या विभागातील लेखन दोन प्रत्यक्ष सेक्टरांवर पसरे आणि गती घटे. विंडोज व्हिस्टापासून पहिला विभाग २,०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ मेबिबाइटवर सुरू होऊ लागला आणि ही प्रथा मागे पडली.

सॉलिड स्टेट डिस्कमध्ये तबकडी नाही, हेड नाही, फिरणारा भागही नाही. तरीसुद्धा भूमिती विचारणाऱ्या जुन्या प्रोग्रामला उत्तर द्यावेच लागते. एनव्हीएमई डिस्कविषयी विचारले असता लिनक्स ६४ हेड व ३२ सेक्टर असे ठराविक उत्तर देते, तर विंडोज २५५ व ६३ हे आकडे सांगते. एकाच वस्तूचे दोन आकार सांगितले जातात आणि दोन्ही काल्पनिक असतात. आज त्यांवर काहीही अवलंबून नसल्याने त्यातून बाधा उद्भवत नाही.

मराठी अभिलेखांच्या दृष्टीने

या इतिहासाचा महाराष्ट्राशी, विशेषतः विदर्भाशी असलेला संबंध अभिलेखांच्या जतनाचा आहे. जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढील दशकात शासकीय कार्यालये, सहकारी संस्था व महाविद्यालये यांचे दप्तर संगणकावर येऊ लागले. भूमितीविषयीचे सर्व मतभेद ज्या वर्षांत तीव्र होते, नेमक्या त्याच वर्षांत मराठीतील पहिला मोठा अंकीय मजकूर डिस्कवर उतरत होता. प्रवेश नोंदी, निकालपत्रके, प्रबंधांची हस्तलिखिते, लोकगीतांची संकलने असे साहित्य साठवलेल्या त्या काळातील डिस्क आजही कपाटांत पडून असण्याचा संभव आहे.

अशी डिस्क आज वाचावयाची तर भाषांतराचे अनेक थर पार करावे लागतात. पहिला थर भूमितीचा; दुसरा विभागांच्या तक्त्याचा व फाईल पद्धतीचा; तिसरा लिपीचा. १९९१ मध्ये भारतीय मानक झालेली इस्की संकेतावली आणि निरनिराळ्या फाँटचे आपापले संकेत यांमुळे युनिकोडपूर्व मराठी मजकूर मूळ फाँट हाती नसल्यास अर्थहीन चिन्हांची रांग दिसतो. भूमितीच्या थरावर जे घडते तेच येथेही घडते : बाइट शाबूत असतात, त्यांचा अर्थ लावणारा संकेत हरवलेला असतो.

भूमापनाच्या क्षेत्रातही याचे साम्य आढळते. ज्या गावांत १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये योजना राबविली गेली, तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला याची नोंद उपलब्ध असेल तर जुने खरेदीखत वाचता येते. ती नोंद नसेल तर शेत जागेवर असूनही दस्तावरून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. अभिलेखाइतकेच त्याच्या रूपांतराच्या नोंदीचे जतन आवश्यक असते, हे महसूल दप्तराने अनुभवातून स्वीकारलेले तत्त्व संगणकीय दप्तरालाही लागू पडते.

त्यानुसार महाविद्यालयांनी जुन्या डिस्क हाताळताना काही पथ्ये पाळणे इष्ट ठरते. मूळ संगणक चालू अवस्थेत असल्यास डिस्क काढण्यापूर्वी सेटअपमधील सिलिंडर, हेड, सेक्टर व भाषांतराचा पर्याय लिहून घ्यावा. डिस्कवर काहीही न लिहिता प्रथम तिची सेक्टरनिहाय संपूर्ण प्रत करावी. ही प्रत अनुक्रमांकाने होत असल्याने तीत भूमितीचा प्रश्न उद्भवत नाही, आणि पुढील सर्व प्रयोग प्रतीवरच करता येतात. नव्या संगणकाने डिस्क फॉरमॅट करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा; कारण तो प्रश्न डिस्क रिकामी असल्याचा पुरावा नसून संगणकाला ती वाचता आली नाही याची कबुली असते.

निष्कर्ष

१. हार्ड डिस्कची भूमिती आरंभी यंत्राचे खरे वर्णन होते. मार्गागणिक सेक्टरांची संख्या बदलू लागल्यावर ते वर्णन खरे राहणे अशक्य झाले आणि सुसंगतीसाठी ते मानीव स्वरूपात टिकविले गेले.

२. भूमिती कळण्याचे मार्ग माणसाने सांगणे, प्रकार क्रमांक, बायोस, डिस्कचा स्वपरिचय आणि तक्त्यावरून अनुमान असे क्रमाने बदलले. दरवेळी नवा मार्ग जुन्याची जागा घेण्याऐवजी त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि मतभेदाचे मूळ या सहअस्तित्वात होते.

३. ५२८ मेगाबाइट, ८.४ गिगाबाइट व १३७ गिगाबाइट या मर्यादा साठवण माध्यमाच्या नव्हत्या; त्या पत्ता लिहिण्यासाठी राखलेल्या बिटांच्या होत्या.

४. २००४ च्या प्रसंगावरून दिसते की, निरर्थक झालेला संकेतही कोणी एक त्यावर विसंबून असेपर्यंत एकतर्फी रद्द करता येत नाही.

५. न वाचता येणारी डिस्क आणि नष्ट झालेली डिस्क यांत भेद आहे. पत्त्याची रीत पुन्हा सापडल्यास पहिलीतील मजकूर परत मिळू शकतो. म्हणून जुन्या डिस्क निकाली काढण्यापूर्वी त्या कोणत्या रीतीने लिहिल्या गेल्या होत्या याचा शोध घेणे हे इतिहासाच्या साधनांविषयीचे कर्तव्यच ठरते.